टेफल सर

सरांची ओळख करून घ्यायची तर आधी त्यांच्या फायलीची करून घ्यावी लागते. निळी, प्लॅस्टिकची, वीस कप्प्यांची, अप्पा बळवंत चौकातून घासाघीस करून आणलेली. उद्या घराला आग लागली तर सर आधी आईंना बाहेर काढतील की फाईलला, यावर आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोन तट आहेत. खुद्द आई फाईलच्या तटात आहेत.

पहिल्या कप्प्यात एम.ए. इंग्रजी, दुसऱ्यात बी.एड., तिसऱ्यात सेट. महाराष्ट्रात इंग्रजी शिकवायला एवढं पुरतं. चौथ्या कप्प्यापासून परदेश सुरू होतो. टेफलचं १२० तासांचं प्रमाणपत्र, केंब्रिजचं सेल्टा, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे निकाल, पोलिसांचा दाखला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे दोन्ही कान दिसणारे फोटो. शेवटचा कप्पा रिकामा आहे. तो नेमणूकपत्रासाठी राखून ठेवलाय.

सर पंचेचाळिशीचे. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात. हा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांनी सुखी राहावं. ठाऊक करून घ्यायचाच असेल तर एवढंच, की जितके तास शिकवाल तितक्यांचं मानधन, तेही येईल तेव्हा. दिवाळीत तास नाहीत, मे महिन्यात तास नाहीत, परीक्षा सुरू झाल्या की तास नाहीत. प्राध्यापक भरती होणार अशी बातमी दरवर्षी येते आणि सर दरवर्षी ती कापून ठेवतात. त्या कात्रणांची फाईल वेगळी, पिवळी. तिला आग लागली तर कोणी काही वाचवणार नाही.

मग कोणीतरी सांगितलं की व्हिएतनाममध्ये, थायलंडमध्ये, चीनमध्ये, जपानात इंग्रजी शिकवायला माणसं हवी असतात. पगार चांगला, वर घर. पदवी कुठल्याही विषयातली चालते, फक्त टेफल लागतं. टेफल म्हणजे ज्यांची ती भाषा नाही त्यांना इंग्रजी शिकवण्याचं शिक्षण. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, ‘‘टेफल म्हणजे तव्याला लावतात तेच ना?’’ सरांनी खुलासा केला, पण तोवर उशीर झाला होता. इतकी वर्षं होऊनही कुठल्या नोकरीला चिकटले नाहीत तेव्हा नाव बरोबरच आहे, असं ठरलं आणि सर टेफल सर झाले.

टेफलचा बाजार मोठा गमतीचा आहे. ते द्यायला जगात एकच एक अधिकृत संस्था नाही. त्यामुळे ज्याला संकेतस्थळ काढता येतं त्याला प्रमाणपत्रही काढता येतं. ‘आज रात्री बारापर्यंत ऐंशी टक्के सवलत’ ही पाटी तिथे बाराही महिने असते. १२० तासांचा अभ्यासक्रम हुशार पोरं शनिवार-रविवारात ‘पुढे, पुढे’ करत बटण दाबून संपवतात. सरांनी मात्र स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ टेबलावर ठेवून १२० तास मोजून पुरे केले. एका संध्याकाळी धडा चाळीस मिनिटांतच संपला, तर उरलेली वीस मिनिटं ते पडद्याकडे बघत बसून राहिले. तासिका तत्त्वावर आयुष्य काढलेल्या माणसाला तास चोरवत नाही.

एवढं करून कळलं की ज्याला खरंच किंमत आहे ते हे नव्हे, ते सेल्टा. तेही किमान १२० तासांचंच, पण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि मागे बसून परीक्षक एकेक वाक्य टिपून घेत असतो. फी लाखाच्या घरात. सरांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या वहिनी, बँकेत आहेत म्हणून जमलं. परीक्षकाने पहिल्याच पाठानंतर सांगितलं, की पंचेचाळीस मिनिटांपैकी तुम्ही अडतीस मिनिटं बोललात. सरांना ती शाबासकी वाटली. मग कळलं की शिक्षकाने कमी बोलावं आणि विद्यार्थ्याने जास्त, असा तिथे शिरस्ता आहे. शिक्षकाच्या बोलण्याची मिनिटं मोजतात आणि ती कमी करायला लावतात. रानड्यांच्या काळात, १८७५ साली, ज्या गावात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि अजून बोलणं संपलेलं नाही, त्या गावच्या माणसाला हे सांगायचं! सर दोन दिवस जेवले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी उठून कमी बोलायला लागले, आणि तिथून आमचे हाल सुरू झाले.

कारण कमी बोलायचं म्हणजे समोरच्याला बोलतं करायचं. शब्द आपण सांगायचा नाही, त्याच्याकडून काढून घ्यायचा. रात्री जेवताना सर वहिनींना म्हणाले, ‘‘पांढरं असतं, समुद्रातून येतं आणि आज आमटीत नाही. काय?’’

‘‘तुमचं परदेशाचं जहाज,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘आणि मीठ हवं असेल तर उठून घ्या.’’

त्याहून भयंकर प्रकार म्हणजे समजलं का याची खात्री. सेल्टावाले ‘समजलं का?’ असं कधीही विचारत नाहीत. विद्यार्थी हो म्हणतो आणि समजलेलं नसतं, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. त्याऐवजी आडवे-तिडवे छोटे प्रश्न विचारून खुंटा हलवून बघायचा. सर कोपऱ्यावरच्या वाण्याला म्हणाले, ‘‘पैसे उद्या देतो. मी आत्ता पैसे देणार आहे का?’’

‘‘नाही,’’ वाणी म्हणाला.

‘‘परवा देणार आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग कधी देणार आहे?’’

तीस वर्षं उधारीच्या वह्या सांभाळलेला तो माणूस. म्हणाला, ‘‘ते तुमचं तुम्हालाच ठाऊक, सर.’’

सरांनी उत्तर चुकीचं ठरवलं. मला विचाराल तर अख्ख्या कोथरुडात संकल्पना एवढी स्वच्छ दुसऱ्या कोणाची नव्हती.

अर्जाबरोबर शिकवतानाची चित्रफीत जोडावी लागते. विद्यार्थी म्हणून आईंना बसवलं. एकदा गवारीच्या शेंगा निवडून होईपर्यंत थांबलो, एकदा कुकर झाला, एकदा कचरा घ्यायला बाई आल्या. शेवटी सगळं जमलं तर आईच नडल्या. त्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या. सर चित्र दाखवून इंग्रजीत वाक्य बोलायचे आणि आई खणखणीत आवाजात त्याचं मराठी करायच्या. सेल्टाच्या तासाला मातृभाषा शक्यतो येऊ द्यायची नसते. ‘‘आई, मराठी नको.’’ आई म्हणाल्या, ‘‘मग तुला कळणार कसं, मला कळलंय ते?’’ यावर केंब्रिजकडे काय उत्तर आहे मला माहीत नाही, सरांकडे नव्हतं. शिवाय आईंनी त्यांचं एक अव्यय दुरुस्त केलं. ती चित्रफीत तशीच गेली. एका एजंटाने उलट विचारलं, की त्या आजी नोकरीसाठी उपलब्ध आहेत का. सरांचं म्हणणं, तो विनोद होता. आई तसं मानत नाहीत.

आता अपोस्टील. परदेशी नोकरीला पदवी नुसती दाखवून भागत नाही. ती खरी आहे असं आधी राज्य सरकारने म्हणायचं, मग परराष्ट्र मंत्रालयाने राज्य सरकार खरं बोलतंय असं म्हणून मागे एक चिकटपट्टी लावायची. हेगच्या करारामुळे भारतात २००५ पासून ही सोय आहे. ज्या देशांना तो करार मान्य नाही त्यांच्या वकिलातीचा शिक्का आणखी वेगळा. सगळं ठीक. पण सरांची एम.ए.ची पदवी लॅमिनेट केलेली होती.

त्या काळी पुण्यात जे जे मोलाचं ते ते लॅमिनेट करायचं असा रिवाज होता. पदवी, रेशनकार्ड, अथर्वशीर्ष. पदवी हाती आली त्याच संध्याकाळी सरांचे वडील सायकलवर जाऊन ती प्लॅस्टिकमध्ये घालून घेऊन आले, म्हणजे हिला आता मरण नाही. आणि आता मंत्रालयाचा शिक्का प्लॅस्टिकवर बसेना. शोधता शोधता लॅमिनेशन उतरवून देणारा एक माणूस सापडला. मी सरांबरोबर गेलो होतो. त्याने पदवीवर फडकं घातलं, कोमट इस्त्री फिरवली, कडेला ब्लेडचं टोक घालून कोपरा सोडवला आणि दोन बोटांनी प्लॅस्टिक हळूहळू उलटं सोलायला सुरुवात केली. चर्र असा बारीक आवाज येत होता. सरांनी डोळे मिटून माझा दंड धरला होता. कागद निघाला, अखंड निघाला, फक्त कुलगुरूंच्या सहीचा शेवटचा फराटा प्लॅस्टिकबरोबर गेला. ‘‘चालतंय, सही कळतीय ना,’’ तो माणूस म्हणाला. सर ते सोललेलं प्लॅस्टिकही घडी घालून घेऊन आले. फायलीत ते पदवीमागेच आहे, कोणी फराटा मागितलाच तर.

तरी एजंटाची शंका आलीच. पदवीवर पुणे विद्यापीठ आणि सेटच्या प्रमाणपत्रावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. ही विद्यापीठं दोन का? सरांनी २०१४ च्या नामविस्ताराचा इतिहास चार परिच्छेदांत लिहून पाठवला. पलीकडून उत्तर आलं, त्यात फक्त एक अंगठा होता.

आयेल्ट्सचं दुखणं निराळंच. त्याचा निकाल दोनच वर्षं धरतात. सरांना साडेआठ बँड आहेत, पण दर दोन वर्षांनी त्यांचं इंग्रजी बाद होतं. मग पुन्हा पंधरा हजारांहून जास्त फी, पुन्हा विशी-बाविशीच्या पोरांच्या रांगेत उभं राहणं, पुन्हा समोरच्या बाईंना आपल्या आवडत्या सुट्टीविषयी सांगणं. ‘‘सुट्टीचे पैसे कापतात हो,’’ एकदा सर म्हणून गेले. त्या खेपेला अर्धा बँड गेला.

पोलिसांचा दाखला सर्वांत सोपा. हवालदार घरी आला, चहा प्याला, चौकशी केली. सरांच्या नावावर एक गुन्हा नाही, एक तक्रार नाही, साधं नो पार्किंगही नाही. पंचेचाळीस वर्षांत या माणसाने काहीही केलेलं नाही असं सरकारने शिक्क्यानिशी लिहून दिलं. वहिनी म्हणाल्या, हे मी फुकट लिहून दिलं असतं.

एवढी तयारी झाल्यावर अडायचं काय? अडतो तो पासपोर्ट. बहुतेक जाहिरातींत खाली बारीक अक्षरांत ओळ असते, की उमेदवाराची मातृभाषा इंग्रजी असावी. मातृभाषा कशावरून ठरते? आईवरून नव्हे, पासपोर्टवरून. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. या सातांपैकी एका देशाचा पासपोर्ट असलेल्याने पदवी क्रीडाशास्त्रात घेतलेली असली तरी तो साहेब, आणि आमचे सर शेक्सपिअर कोळून प्यायले तरी ‘सॉरी डिअर’. सर शांतपणे ती जाहिरात छापतात, तिच्यातली गाळलेली उपपदं आणि चुकलेली अनेकवचनं लाल शाईने दुरुस्त करतात, खाली दहापैकी गुण देतात आणि फोटो काढून एजंटाला परत पाठवतात. आजवर सर्वांत जास्त गुण साडेचार. याने नोकरी मिळत नाही हे त्यांना कळतं, पण चूक दिसल्यावर तशीच कशी सोडायची? शेवटी माणूस पुण्याचा आहे.

‘‘एडविन अरनॉल्ड कुठलं टेफल करून आला होता?’’ हा त्यांचा आवडता सवाल. अरनॉल्ड म्हणजे पुढे ‘लाइट ऑफ एशिया’ लिहून गाजलेला कवी. १८५७ च्या बंडाच्या सुमारास विशी-पंचविशीतला हा पोरगा पुण्यात आला तो थेट पूना कॉलेजचा, म्हणजे आताच्या डेक्कन कॉलेजचा, प्राचार्य म्हणून. त्याला कोणी पोलिसांचा दाखला मागितला नाही. पुढे १८८० साली चिपळूणकर-टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं तेव्हापासून आपण त्यांची भाषा त्यांच्याहून नेकीने शिकवतोय, असं सरांचं म्हणणं. आणि हे म्हणताना ते मिनिटं मोजत नाहीत.

जपानचं प्रकरण तर गणिताचं निघालं. तिथे भाषा शिकवायला बारा वर्षं त्या भाषेतून शिक्षण झालेलं लागतं. सर नारायण पेठेतल्या मराठी शाळेचे. त्या काळी इंग्रजी पाचवीपासून, आणि तेही विषय म्हणून. अकरावी-बारावी दोन, बी.ए. तीन, एम.ए. दोन, बी.एड. एक, झाली आठ. चार कमी. ज्या शाळेने त्यांना व्याकरण शिकवलं तीच नेमकी मोजायची नाही. सरांनी फार त्रागा केला नाही. चार वर्षांची तूट भरून काढायला पीएचडीला नाव नोंदवलं. लोक प्राध्यापक व्हायला पीएचडी करतात. सर जपानी पोरांना रंगांची नावं शिकवायला करतायत.

मालदीव त्यांना नको. तिथे भारतीय शिक्षक ढिगाने आहेत, पासपोर्ट चालतो, सगळं चालतं. पण लोक हनिमूनला जातात तिथे एकट्याने नोकरीला कसं जायचं? थायलंडही नको, तिथे साहेबाला एक पगार आणि त्याच कामाचा आपल्याला दुसरा. इथिओपियात हैले सेलासींच्या काळात भारतीय मास्तरांनी पिढ्या घडवल्या, हे ते अभिमानाने सांगतात, पण सम्राट आता नाहीत. राहता राहिला कोरिया. २०१० साली भारत-कोरिया करार लागू झाला, त्यात भारतीय इंग्रजी शिक्षकांना सरकारी शाळांत साहाय्यक म्हणून घेण्याची तरतूद आहे. सर ते कलम तोंडपाठ म्हणून दाखवतात. दार उघडं आहे, आतून ‘या’ म्हणणारं कोणी भेटलेलं नाही, इतकंच.

हे सगळं चालू असताना सरांच्या जेवणाच्या टेबलाशी रोज संध्याकाळी कोण बसलेलं असतं? एक येमेनी, एक सुदानी, मधूनमधून एक इराणी. पुण्यात परदेशी पोरं पन्नास-पंचावन्न वर्षांहून अधिक काळ येतायत. त्यांचे हाल पाहून फर्ग्युसनच्या शां. ब. मुजुमदारांनी १९७१ साली सिम्बायोसिस काढलं हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. ही पोरं पदवी घ्यायला येतात आणि आधी इंग्रजीत अडकतात. सर त्यांना सोडवतात. आई येमेनी पोराला ‘बाळ’ म्हणतात आणि साबुदाण्याची खिचडी खायला घालतात. तो आता वाक्याच्या शेवटी ‘असो’ म्हणतो, इंग्रजी वाक्याच्यासुद्धा. पण सरांच्या लेखी हा अनुभव नव्हे. परदेशी माणूस आपल्या घरी आला तर ते परदेशात शिकवणं कसं होईल? फायलीत त्याला कप्पा नाही.

आणि शेवटी कोरियाच आला. रांजणगाव-तळेगावकडच्या कारखान्यांमुळे पुण्यात कोरियन कुटुंबं बरीच आहेत. खराडीच्या एका मॅडमना इंग्रजी शिकायचं होतं. येमेनी बाळाने सरांचं नाव सुचवलं. सर आठवड्यातून दोनदा वनाझहून मेट्रोत बसायचे, रामवाडीला उतरून रिक्षा करायचे, बूट बाहेर काढून कोरियात प्रवेश करायचे. मॅडम मन लावून शिकल्या. वर्ष-सव्वा वर्षात त्यांना काळ जमले, उपपदं जमली, आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ हा शब्द नेमका आपल्यासारखा, मान तिरकी करून, म्हणता यायला लागला. रिक्षावाल्याशी त्या इंग्रजीत इतक्या बाणेदारपणे भांडायच्या की ते सदाशिव पेठेचं वाटावं.

यंदा त्यांच्या यजमानांची बदली झाली. परत गेल्यावर मॅडमना तिथल्या ‘हागवॉन’मध्ये, म्हणजे खासगी क्लासमध्ये, लहान मुलांना इंग्रजी शिकवायचंय. पासपोर्ट कोरियनच, तेव्हा व्हिसाचा प्रश्न नाही. फक्त सरांनी एक प्रमाणपत्र द्यावं: अमुक इतके तास इंग्रजी शिकल्या म्हणून. १२० लिहा, तिकडे बरं दिसतं.

सरांनी हजेरीची वही काढली. बेरीज ११८ होती. एकदा अनंत चतुर्दशीला रस्ते बंद होते आणि एकदा मॅडमना ताप होता. ‘‘सर, प्लीज, राउंड फिगर,’’ मॅडम म्हणाल्या. सरांनी नकार दिला. दोन तास भरल्याशिवाय सही होणार नाही.

म्हणून सामान हलवायच्या दिवशी दुपारी चार ते सहा असा तास ठरला. मेट्रोला वेळ लागेल म्हणून मी त्यांना गाडीने घेऊन गेलो. घरात खोकी, चिकटपट्ट्यांचा चर्रचर्र आवाज, सोफा दारात उभा. मधोमध जेवणाचं टेबल, त्याच्या एका बाजूला मॅडम वही उघडून आणि दुसऱ्या बाजूला सर. विषय, पूर्ण वर्तमानकाळ. आपण पुण्यात तीन वर्षं राहिलो आहोत हे आज म्हणता येतं आणि विमानात बसल्यावर का म्हणता येत नाही, हे सर एका खोक्यावर काळाची रेघ आखून समजावत होते. मिनिटं मोजून, कमी बोलून.

साडेपाचला पॅकर्सचा एक पोरगा येऊन उभा राहिला. ‘‘काका, टेबल उचलायचंय.’’

सरांनी खडू खाली ठेवला. ‘‘आमचा तास सहाला संपतो. आत्ता सहा वाजलेत का?’’

पोराने भिंतीकडे पाहिलं. घड्याळ उतरवलेलं होतं. त्याने मोबाइल काढला. ‘‘नाही.’’

‘‘मग टेबल आत्ता उचलायचं आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘साडेसहाला?’’

‘‘नाही... सहाला.’’

‘‘करेक्ट,’’ सर म्हणाले. त्याला शेजारच्या खोक्यावर बसवलं आणि हजेरीच्या वहीत लिहायला त्याचं नाव विचारलं.